अर्थ कळेपर्यंत पाटीवर हात

बाबा, कोळंबीच्या कारखान्यात दिवसभर बर्फात बोटं घालून उभ्या राहणाऱ्या आम्हा सगळ्या बायांची एकच तक्रार आहे. आम्हाला कामावरून काढताना आम्हाला कळेल अशा भाषेत सांगावं, असंही कोणाला वाटत नाही. ही तक्रार घेऊन मी तुमच्याकडेच आले असते. तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा कँटीनमध्ये चित्रं दाखवायचा पडदा लावला. मुंबईहून आलेले साहेब हसतमुख होते, मराठीच बोलत होते, फक्त महत्त्वाचा प्रत्येक शब्द मराठी नव्हता. म्हणाले, आपण एक फॅमिली आहोत. आता राइटसायझिंग करायचं आहे. सोलण्याच्या टीमसाठी ही ट्रान्झिशनची संधी आहे, प्रत्येकीनं ओनरशिप घ्यावी, फ्लेक्झिबल राहावं. बोलून झाल्यावर ते थांबले आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, ही आपल्याकडची रीतच. संध्याकाळी फलकावर कागद लागला, त्यात टीमचा पूर्ण पाठिंबा मिळाल्याचं लिहिलं होतं. सोलण्याच्या शेडमधली मावशी मला नळावर गाठून विचारते, "काय गो, ट्रान्झिशन म्हंजे आमाला वरच्या मशीनवर घेतायत काय?" मी म्हटलं, "नाय मावशी, मशीन येतंय आणि तुम्ही जाताय." ती हसली. "मस्करी करू नको मेले, मी टाळ्या वाजवल्या ना!"

बाबा, मिरकरवाड्याच्या बंदरात, धक्क्यावर तुम्ही माशांचा लिलाव पुकारायचात तेव्हा मी बर्फाच्या खोक्यावर बसून बघायची. आता डोळे मिटले की तो धक्का दिसतो. ट्रॉलर लागलाय, माशांच्या पाट्या ओळीनं मांडल्यात, तुमचा आवाज घोगरा झालाय. बोली ज्याला कळली नसेल त्यानं पाटीवर हात ठेवायचा आणि तो हात उचलला जाईपर्यंत पुढचा पुकारा करायचा नाही, ही तुमची रीत. एक म्हातारी मासेवाली कानानं अधू होती, ती रोज हात ठेवायची. हातखंब्याचा एक व्यापारी वैतागला, "अरे, म्हातारीपायी मासा मरतोय!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मासा मेलेलाच हाय. म्हातारी जिवंत हाय. तिला कळूं दे." सगळा धक्का हसला. व्यापारीसुद्धा हसला, आणि थांबला.

मी कॉलेजातून पहिलं मोठं भाषण ठोकून आले होते, वाचलेली सगळी पुस्तकं त्यात कोंबली होती. तुम्ही मागच्या रांगेत होतात. घरी चुलीपाशी भाकरी मोडत तुम्ही म्हणालात, "बोललीस झकास, बाय. मला काय एक कळलं नाय, तरी मी टाळ्या वाजवल्या. याची भीती बाळग." मी रुसले होते. परवा कँटीनमध्ये त्या टाळ्या ऐकल्या आणि तुमची भीती कसली होती ते कळलं.

त्या शब्दांचे अर्थ अवघड नाहीत. राइटसायझिंग म्हणजे माणसं कमी करणं. ओनरशिप म्हणजे नुकसान तुमचं, नफा आमचा. फ्लेक्झिबल म्हणजे बोलावलं की धावत यायचं, नाही बोलावलं तर पगार मागायचा नाही. आणि फॅमिली? घरातल्या बाईला असं पडद्यावर चित्र दाखवून कोण बाहेर काढतं? हे शब्द मऊ आहेत ते ऐकणाऱ्यासाठी नाहीत. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटू नये म्हणून ते मऊ केलेत.

उद्या राजीनाम्यांवर सह्या आहेत. "स्वखुशीनं" असं त्या कागदावर छापलेलं आहे. काल साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. "तुमचं नाव यादीत नाही. तुम्ही आमच्यासाठी की-रिसोर्स, फार महत्त्वाच्या. बाया तुमचं ऐकतात, तेव्हा उद्या तुम्हीच त्यांना पॉझिटिव्हली समजावून सांगा." म्हणजे माझ्या तोंडून, माझ्या आवाजात. बाबा, तुम्ही मला दिलेली ही एकच वस्तू, आणि तीच त्यांना हवी आहे.

कुठं पाठवू हे? धक्क्यावर आता तुमची जागासुद्धा राहिली नाही, तिथं खोकी रचलेली असतात. बायांच्या बाजूनं गेटवर मी गरजते, सगळे मला वाघीण म्हणतात. पण तुम्हाला सांगते, काल मी तो चहा पूर्ण प्यायले आणि "नाही" म्हटलं नाही. घरात पगार माझा एकटीचाच येतो.

तरी उद्या पहिली मीच उभी राहीन, आणि एवढंच बोलेन: बायांनो, सही करू नका. त्या कागदावर हात ठेवा, विचारा "म्हंजे काय?", आणि कळेपर्यंत हात उचलू नका.