ओढ्याकाठच्या वावराची वाटणी

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी मी आमच्या चर्चची घंटा वाजवली नाही. घंटा म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची रिंग. तिच्याखाली नऊ वर्षांची एक पोर पायांत चपला तशाच ठेवून, गाठोडं पोटाशी धरून झोपली होती. त्या दिवशी सगळे प्रार्थनेला उशिरा आले आणि बोलणी मी खाल्ली. ती पोर म्हणजे किडेन. सीमेपलीकडच्या लढाईतून आलेली. तिला शोधत कुणी आलं नाही. ती आमच्या घरी वाढली.

मी जोसेफ वुकोनी, वय एकोणपन्नास, राहणार मोयो जिल्हा, युगांडा. देवाच्या कृपेनं डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. माझ्यामागं असं व्हावं :

१. राहतं घर, अंगण, कोंबड्या पत्नी रेजिना हिच्या. तिला माहेरी जाण्याचा सल्ला कुणी देऊ नये.

२. सायकल आणि कुदळ धाकटा भाऊ मोइनी याला. कुदळ तशी त्याच्याकडेच आहे. चार पावसाळे परत केलेली नाही. आता मागणार नाही.

३. ओढ्याकाठचं शेंगांचं वावर किडेनला, कायमचं. तिचं लग्न होवो, न होवो.

याचं कारण सांगतो. मी लहान असताना लढाई आमच्याकडे होती. आई मला घेऊन पलीकडे, किडेनच्याच मुलखात पळाली. तिथं मीही रोज गाठोडं बांधूनच झोपायचो. पोनी नावाच्या म्हातारीनं आम्हांला जमिनीचा तुकडा दिला, माझ्या ओंजळीत भुईमुगाचं बी घातलं. म्हणाली, "पेर. पेरणाऱ्यानं काढणीला थांबायचं असतं."

किडेन आमच्याकडे आली तेव्हा बी देऊन हेच मी तिला सांगितलं.

"आणि त्याआधी पळावं लागलं तर?"

"तर तुझ्या शेंगा मी खाईन."

"मग थांबते."

जमीन आमच्या साऱ्या कुळाची सामाईक, म्हणून वावर देण्याआधी भाऊबंदांना विचारलं. मोइनी म्हणाला, "दादा, पाहुण्याला जेवू घालावं. वावर देतात का कुठं?"

मी म्हणालो, "तुझी नाळ कुठं पुरलीय रे?"

मोइनी पलीकडेच जन्मला. त्याची नाळ पोनीनं स्वतःच्या दाराशी पुरली होती. आई मरेपर्यंत सांगायची.

 मोइनी म्हणाला, "पोनीनं तेव्हा भाऊबंदांना विचारलं होतं?"

"कुणालाच नाही."

४. पोनीचे आभार मानायचे राहिले. तिला कुठं मूठमाती मिळाली तेही ठाऊक नाही. रोजच्या प्रार्थनेत तिचं नाव मी घेतो. पुढं रेजिनानं घ्यावं.

५. माझ्या दफनाला बैल कापू नये. भाजलेल्या शेंगा वाटाव्यात. किडेनच्या वावरातल्या, पण तिला विचारून.

आज सकाळी सगळ्यांदेखत त्या वावराच्या हद्दीवर खुणेची झुडपं लावली. खड्डे मोइनीनं खणले, माझ्याच कुदळीनं. तेव्हा तिसऱ्या कलमाला माझ्या मरणाची वाट बघायची नाही. ते पुरं झालं.

साक्षीदार :
मोइनी, भाऊ (सही)
मात्तेओ द्राले, कुळातले वडीलधारे (अंगठा)

जोसेफ वुकोनी (सही)
मोयो, ९ ऑगस्ट २०२५