सासूच्या गाण्यातली खरखर

शुक्रवार, दिवेलागण

आजही तीच खरखर. रविवारी पुतणीची हळद, गाणं मला म्हणायचंय, आणि तिसरी ओळ नेमकी खरखरीत बुडते. हे गाणं फक्त सासूला यायचं. ती गेली, आता लॅपटॉपमध्ये तिचं रेकॉर्डिंग आहे तेवढंच.

लॅपटॉप जुना, त्यावर लेकीने, मनालीने, विंडोज काढून लिनक्स टाकलंय. ती म्हणते, "आई, रेकॉर्डिंगच खराब आहे गं. सोड ना."

"मग बाकीची गाणी पण का खरखरतात?" मी विचारलं.

वायर काढून परत लावली. स्पीकर बदलला. खरखर तशीच. मग प्लेअरमधली आवाजाची पट्टी बघितली, तर दीडशे टक्क्यांवर! शंभराच्या पुढे आवाज असतो तरी कशाला? ती ओळ ऐकू यावी म्हणून मीच नेला असणार.

मनाली हसली. "बोंबील विकतेस काय त्याच्यावर?"

पट्टी शंभराच्या खाली आणली, आवाज स्पीकरच्या बटणाने वाढवला. खरखर गेली.

तिसरी ओळ सासू अगदी हळू म्हणते, नवरीच्या कानात सांगावी तशी. आणि मी चार दिवस तिला बाजारात बसवून ओरडायला लावत होते.

ओळ मिळाली. पण इतकं हळू मला जमेल?