तिसरा आग्रह

४ मार्च २०२५, देवास. सकाळी ७.
इटलीहून अवंतीचा फोन. म्हणाली, बाबा, यंदा आमच्याकडे या. डोंगराच्या माथ्यावरचं दगडी गाव, सातआठशे वर्षांचं. बाहेरच्यांना ठाऊकही नाही. गाडी वेशीपाशी थांबते, पुढे नुसत्या पायऱ्या. मी म्हटलं, नको. लेक झाली तरी पहिल्याच बोलावण्याला हो म्हणायला मी काय उपाशी बसलोय? आमच्या घरात तिसऱ्या आग्रहाला हो म्हणतात. तिला माहीत आहे, तिच्या आईनं शिकवलंय.

५ मार्च.
पायऱ्यांची सवय हवी. आजपासून रोज माताजीची टेकडी चढणार. अर्ध्यावर बसलो. गुडघा नव्हे, ऊन. उद्यापासून पहाटे.

६ मार्च.
पहाटे गारठा होता. टेकडी रद्द.

११ मार्च.
पासपोर्टसाठी इंदूरला जाऊन आलो. अवंतीला सांगितलं नाही. सांगितलं तर आग्रहात काय राम राहिला?

२ एप्रिल.
पासपोर्ट आला. फोटोत आजारी दिसतो. चिऊ घाबरेल. नात चार वर्षांची झाली, अजून फोनवरच बघतो. तिची आजी, आमची माई, तर तिला मांडीवर न घेताच गेली.

१९ एप्रिल.
दुसरा आग्रह झाला. म्हणाली, चिऊ रोज विचारते, आजोबा कधी येणार. हो अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, मला म्हाताऱ्याला कशाला ओढता तिकडे? छान बोललो. आता एकच राहिला.
शेजारच्या उमाशंकरजींना सांगितलं. म्हणाले, "भिया, हाँ बोल दो. इटली है, शादी की पंगत थोड़ी है." त्यांना आपल्या रीती काय कळणार.

२५ मे.
दर रविवारी फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का. त्या विषयाचं अक्षर नाही. तिसरा आग्रह जोरदार करायचा असेल, म्हणून वेळ घेतेय. बॅग भरून ठेवली. मेतकूट, शेव, चिऊचा खणाचा परकर.

८ ऑगस्ट.
परकराची दुमड उसवून दोन बोटं वाढवून आणला. पोर उंच झाली असेल. शेव वास मारायला लागली, बदलली.

१४ सप्टेंबर.
शेवटी मीच विषय काढला, सहज म्हणून. थंडीत तुमच्या गावात बर्फ पडतो का गं? ती म्हणाली, घर सोडतोय. जावईबापूंना कॅनडात नोकरी लागली, वीस तारखेला निघणार.
"तुम्ही दोनदा नको म्हणालात, बाबा. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही."
मी म्हटलं, बरंच झालं. मलाही सवड नव्हती.

२० सप्टेंबर.
निघताना तिनं व्हिडिओ कॉल केला. गाव पाहिलं. पायऱ्या फार नाहीत, जमल्या असत्या. घर रिकामं. न्हाणीघरात एक लाल बालटी आणि प्लास्टिकचा मग. म्हटलं, हे इथेच विसरताय. म्हणाली, विसरत नाही, तुमच्यासाठी एप्रिलमध्ये आणलं होतं. इथे कोणी बालटीनं आंघोळ करत नाही, तीन दुकानं फिरले.
मी म्हटलं, उगाच खर्च केलास.
असं म्हणायचं नव्हतं.