माझा बचाव करू नका

प्रिय बाबा,

तुम्ही काहीही म्हणा, गावच्या मैदानावर रेफरी म्हणून शिट्टी वाजवून तुम्ही मला बाहेर काढलंत तेव्हा चूक माझी नव्हती, आणि या खेपेलाही सगळी माझी नव्हती. हेच फोनवर सांगायला गेलो तर तुम्ही फोन आईच्या हातात देऊन उठलात. ती बिचारी "जेवलास का, थंडी फार आहे का," एवढंच विचारत राहिली. तेव्हापासून तुम्ही माझा फोन घेतला नाहीत, म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. मी शाळेत जितका बसलो त्याहून जास्त वेळ तुमचा मला नदीवरून धरून आणण्यात गेला. तेव्हा वाचताना चिडू नका, आणि चिडलात तरी कागद फाडू नका. शेवटपर्यंत वाचा.

या वर्षी आमच्या रग्बी क्लबाकडे गुण मिळवून देणारं फारसं कोणी नव्हतं. होता तो फक्त बचाव. बचावाचा कोच लाबोर्द म्हणून आहे, बुटका, सदा सर्दी झालेला. त्याने सरावाच्या मैदानावर छातीच्या उंचीवर दोरी ताणून बांधली होती. तिच्याखालून वाकून धावायचं आणि पलीकडच्या पोत्याला खांद्याने भिडायचं. माझं डोकं दोरीला लागलं की बाप्तिस्त, आमच्या पुढच्या फळीतला जाड्या, ओरडायचा, "ए नारळाच्या झाडा, खाली ये की जरा! तुझ्या बेटावर वाकायला पैसे पडतात का?" इथे ज्याला रेफरीकडून शिक्षेचं कार्ड मिळेल त्याने सोमवारी सगळ्यांना बदकाचं मांस आणि पाव खिलवायचा असा रिवाज आहे. "विलीच्या कृपेने माझ्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं," असं बाप्तिस्त येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. आम्ही हसायचो, लाबोर्द कधी हसला नाही. म्हणायचा, "तू बाहेर बसतोस तेव्हा तुझी जागा रिकामी राहत नाही, विली. ती बाकीचे चौदा जण आपल्या अंगावर घेतात." मी मान डोलवायचो. पुढच्या शनिवारी पुन्हा एखाद्याच्या गळ्याशी जायचो. मैदानावर उतरलं की अंगात कोण शिरतं माझ्या, तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच पहिल्यांदा बघितलंत ते.

मेसुलामे समोरच्या संघात आहे हे मला आधीच कळलं होतं. सामन्याआधी तो स्वतःच आमच्या बाजूला आला. आईच्या माहेरचा पोरगा, माझा मामेभाऊ. आमचं नातं थट्टेचंच. म्हणाला, "काय रे आत्याच्या लेका, आज जरा बेताने हं. माझ्या आईला सून आणायची आहे, नाक सरळ लागेल." मी म्हटलं, "नदीपलीकडच्यांना मुलगी देतं कोण? पोहता येत नाही तुम्हाला." दोघेही खूप हसलो. त्या परक्या थंडीत आपल्या बोलीत कोणी चिडवलं की काय वाटतं, ते तुम्हाला लिहून कळवता येणार नाही.

खेळ निम्म्याच्या पुढे गेला होता. आमची फळी रेषेवर एका ओळीत उभी. चेंडू त्याच्याकडे आला आणि मी सुटलो. तो घसरला का वाकला, मी शंभरदा पाहिलंय, अजून सांगता येत नाही. तो खाली आला आणि माझा खांदा त्याच्या जबड्यावर बसला. रेफरी एक बाई होत्या, सडसडीत, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा बघितलं, मला आणि कप्तानाला बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सात नंबर, थेट डोक्याला लागलंय. माझ्या हातात दुसरं काही नाही." लाल कार्ड. मेसुलामे गवतावर पडला होता आणि त्याचा हात चेंडू चाचपडत होता. चेंडू तिथे नव्हताच. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या फळीवरून बरणी काढायची तरी आपण आधी त्याची माफी मागतो, बाबा. कोणाच्या डोक्याला हात लावत नाही. आणि मी काय लावलं तिथे.

आता ते सुनावणीचं. टेबलामागे तीन माणसं होती. क्लबाने मला वकील दिला होता, चांगल्या कोटातला. त्याने सांगितलं, तू गप्प बस, तुझ्या वतीने मी बोलतो. बाबा, मला हे इतकं ओळखीचं वाटलं! आपल्याकडे माफी मागायची असते तेव्हा अपराधी बोलत नाही. तो दाराशी मान खाली घालून बसतो आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस बोलतो. मला वाटलं, चला, यांच्यातही तसंच आहे, हा आपला बोलणारा माणूस. त्याची फ्रेंच भराभर चालली होती, मला काही उमगत नव्हतं, पण मी मनातल्या मनात म्हणत होतो, माग रे, नीट माफी माग माझ्यासाठी. मधल्या माणसाने मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" मी जमिनीकडे बघत राहिलो. वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि आपला माणूस बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

परत येताना गाडीत, माझ्या सोबतीला आलेला बाप्तिस्त खूश. "वाघ आहे तुझा वकील! म्हणाला, दोष त्या पोराचाच, तोच खाली वाकला." मी गाडी थांबवायला लावली आणि उरलेला रस्ता चालत गेलो. निकालाच्या कागदावर लिहून आलं की खेळाडूला पश्चात्ताप झालेला दिसत नाही, म्हणून शिक्षेत सूट नाही. आणि आपल्याकडच्या पेपरात माझ्या पूर्ण नावानिशी छापून आलं, "मेसुलामेची चूक, विलिकेसा म्हणतो." तुम्ही ते वाचलंत. ते वाक्य मी म्हटलं नव्हतं, बाबा.

माझ्या बंदीच्या दिवसांत क्लब खालच्या गटात गेला. मी द्राक्षाच्या मळ्यात छाटणीला जात होतो. लाबोर्द एकदा तिथे आला आणि माझ्या शेजारच्या ओळीत छाटत राहिला. मेसुलामे मात्र बरा झाला नाही. उजेड सोसत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. त्याच्या क्लबाने गेल्या रविवारी त्याला विमानात बसवून घरी पाठवलं. माहेरी दुसरं कोणी वारलं तेव्हा आई मयताला गेली नाही, हेही मला कळलं. "कंबर दुखत होती" म्हणाली. तिची कंबर मला माहीत आहे, माझ्यामुळे तिला तिथे तोंड दाखवता येत नाही.

म्हणून हे पत्र. मीच यायला हवं होतं, पण राहण्याचे कागद इथल्या सरकारी कचेरीत अडकलेत, आत्ता गेलो तर परत घेत नाहीत. रिवाजाप्रमाणे माफीचा देवमाशाचा दात घेऊन तुम्ही मेसुलामेच्या वडिलांच्या दारात जा. तुम्ही जन्मात कोणापुढे वाकला नाहीत, एकदा वाजवलेली शिट्टी कधी मागे घेतली नाहीत, आणि मी तुम्हाला अख्ख्या गावासमोर गुडघ्यांवर बसायला सांगतोय. पण माझ्या वतीने बोलणारा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा नाही. आणि वकिलाची गोष्ट तिथे काढू नका. तो घसरला, तो वाकला, पोराला भाषा कळली नाही, यातलं काही नको. मान खाली घातलेल्या माणसाने 'पण' म्हणायचं नसतं. मी हे सगळं फक्त तुमच्यासाठी लिहिलंय. त्यांनी दात हातात घेतला, म्हणजे माफ केलं, तर आईला तशीच पुढे आत पाठवा. नाही घेतला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा. दात लहान आणू नका, राजधानीत गहाणवटीच्या दुकानांत मोठे मिळतात, आणि त्यांच्यासोबत घोटून प्यायला यांगोनाची मुळं जुनी, जाड बघून घ्या. त्यासाठी आणि होडीच्या तेलासाठी नऊशे साठ युरो पाठवतोय.

तुमचाच,
विली