गिअरबॉक्स उघडल्याशिवाय गाडी भंगारात देऊ नये

हा कागद मी दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता. उशीर झाला, त्याबद्दल घरच्यांनी माफ करावे. मी, प्रल्हाद विष्णू ठवकर, वय ७३, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, नेपरव्हिल, इलिनॉय, शिक्षण सातवी, धंदा मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. राग आलेला आहे, पण रागावलेल्या माणसाचे मृत्युपत्रही चालते असे माझा मित्र राजाराम म्हणतो. तो नागपूरच्या कोर्टात कारकून होता, हल्ली माझ्यासारखाच इथे मुलाकडे असतो.

१. नागपूरची दोन खोल्यांची जागा आणि बँकेतली शिल्लक माझी नात अनया हिला मिळावी. उल्हासने, म्हणजे माझ्या मुलाने, त्यात हात घालू नये.

२. माझी सर्व हत्यारे सून मृणालिनी हिला. तिने माझ्याकडून क्लच-गिअर शिकून दोन हिवाळे माझी पिकअप स्टेशनपर्यंत नेली. गाडी बिघडली तेव्हा या घरात तिने एकटीने विचारले, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" तेरा नंबरचा पाना उल्हासने पडदे लावताना हरवला आहे. तो त्याने आणून द्यावा.

३. पिकअप, १९८४ सालची. इथल्या गॅरेजात सात वर्षे राबून मी ती घेतली. विम्यासाठी कागद उल्हासच्या नावावर केले, त्यामुळे ती मला कोणाला देता येत नाही, हे राजारामने तीनदा सांगितले. तरी लिहितो.

तिच्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा आहेत. गिअर बदलताना त्या वेग जुळवतात. त्या बॉक्सला जीएल-चार प्रतीचे तेल लागते. जीएल-पाचमध्ये गंधकाचा माल जास्त. मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलच्या दातांना तो चांगला, पण पितळ खातो. मार्चमध्ये मी उल्हासला डब्यावर बोट ठेवून हे दाखवले. तो हसला.

"बाबा, पाच म्हणजे लेटेस्ट. नवं व्हर्जन जुन्याला चालतंच, नाहीतर रिलीज कशाला करतील?"

"अरे, हे तेल आहे, तुझं सॉफ्टवेअर नाही."

"चिल यार, बाबा. तो तेल बदलणारा दुकानवाला रोज पन्नास गाड्या करतो."

बापाला यार! दुकानवाल्याने पुस्तिका उघडली नाही. उल्हासने सांगितले ते ओतले.

जुलैत तिसरा गिअर खरखरू लागला, मग दुसरा. गणपतीच्या जेवणात इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांसमोर उल्हास म्हणाला, "बाबांनी कसलीतरी बाटली ओतली, गिअर गेले." लोक हसले. एका डॉक्टरने माझी पाठ थोपटली, "काका, आता रिटायर व्हा." चाळीस वर्षांत मी एकाही गाडीत चुकीचे तेल घातलेले नाही. घरी आल्यावर उल्हासने माझ्याकडून किल्ली काढून घेतली.

४. म्हणून उल्हासला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळणार नाही. मंडळाने माझी शोकसभा घेऊ नये. त्या दिवशी हसलेल्या कोणीही माझ्याबद्दल चांगले बोलू नये.

५. आता एक खरे लिहितो, कारण ते लपवून मला मरायचे नाही. बाटली होती. डिफरन्शिअल वळणावर कुरकुरत होते, त्यासाठी तेलात मिसळायचे एक वेगळे ॲडिटिव्ह मिळते. ते मी मे महिन्यात गाडीखाली पडून घातले. डिफरन्शिअलमध्येच घातले. पण त्या दिवशी बॉक्सचे तेल बोटावर घेऊन हुंगायला मी त्याचेही बूच उघडले होते. तेव्हापासून रोज आठवून पाहतो आणि रोज हात वेगळ्या बुचाकडे जातो. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

६. यावर उपाय एकच, बॉक्स उघडणे. रिंगा काळ्या पडून खाल्लेल्या निघाल्या तर दोष तेलाचा. मग उल्हासने मंडळात उभे राहून तसे सांगावे. रिंगा धड पण गुळगुळीत निघाल्या तर दोष माझ्या बाटलीचा. ते रसायन घर्षणच मारते, रिंगा पकडत नाहीत. तसे निघाले तर कलम चार रद्द, नागपूरची जागा निम्मी उल्हासची, आणि मंडळात उभा मी राहीन.

उल्हासने ठरवलेला भंगारवाला येत्या शनिवारी, ११ तारखेला, गाडी ओढून नेणार आहे. तो फक्त उल्हासचे ऐकतो. उल्हास कामासाठी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला आहे आणि माझा फोन उचलत नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंतपणीच पाठवत आहे. मृणालिनी ते ईमेल करील.

ठिकाण: नेपरव्हिल. तारीख: ६ नोव्हेंबर २००६.
सही: प्रल्हाद विष्णू ठवकर

आमच्यादेखत सही केली:
१. राजाराम नत्थूजी बोकडे
२. नीलांबरी अरविंद देशकर, शेजारी

उल्हास, शुक्रवारच्या आत भंगारवाल्याला थांबव आणि थांबवलेस असे कळव. माझ्याशी बोलायचे नसेल तर मृणालिनीला सांग. पण लवकर कळव.