दारावरची घंटी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आपलं पंपांचं ऑफिस नव्या जागेत एकदाचं थाटलं. तुमचं टेबल जिन्यात अडकलं होतं, पाय काढून वर आणलं.

दाराला घंटी लावली आहे. आवाज मागच्या खोलीपर्यंत खणखणीत येतो. मीच आत-बाहेर करून पाहिलं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्याही आरामाच्या आहेत. दोन्हींवर बसून झालं.

जुनी गिऱ्हाइकं तिकडे नवा पत्ता विचारतात का? आईचा गुडघा कसा आहे?

लिहिता लिहिता घंटी वाजली. सुतार होता, विसरलेला हातोडा न्यायला आलेला. पण दारात येईल त्याला आधी पाणी, हा तुमचा नियम मोडला नाही. त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि घरी पंप कुठला आहे, तेही विचारून घेतलं.

तुमची,
धाकटी