मस्कतची शाळा आणि बांगड्याचा कल्ला

मुलुंड, रविवार, १२ मे १९८५

माझी बहीण सुमाताई मस्कतला परतण्याआधी आमच्या मंजूबद्दल उत्तर मागते आहे. तिच्या रेवासारखं मंजूलाही तिथल्या ब्रिटिश शाळेत घालायचं म्हणे. मी नाही म्हणणार होतो. साहेब इथून गेला, आता त्याच्या मागे वाळवंटात कशाला जायचं?

सकाळी दोन्ही पोरींना मासळीबाजारात नेलं. रेवा नाकाला रुमाल लावील आणि मला नकाराला निमित्त मिळेल, या आशेवर होतो. ती कोळणीसमोर उकिडवी बसली. “मावशी, ताजा मासा कसा ओळखायचा? मला नाही येत.” बोट लावणाऱ्या गिऱ्हाइकाचा उद्धार करणारी ती बाई, तिने रेवाचंच बोट धरून बांगड्याच्या कल्ल्यात घातलं. “लाल हाय ना गो? मग ताजा.”

ते बोट दिवसभर डोळ्यांसमोर आहे. ‘मला येत नाही’ हे इतक्या सहज? आमची मंजू वर्गात पहिली, पण येत नाही म्हटलं की छडी, हे तिला पक्कं ठाऊक. बाजारातही ती मागेच उभी राहिली होती.

ताईला हो म्हटलं. “टोमणा नाही मारलास?” ती म्हणाली. सुचलाच नाही.

मंजूने एवढंच विचारलं, “बाबा, तिथे माझा नंबर खाली गेला तर?”

“जाऊ दे,” म्हणालो. असं तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं.